मानधन : निरंक

सामाजिक न्यायाच्या माहितीपटांना पैसा मिळत नाही, अशी ओरड अधूनमधून ऐकू येते. ओरडणारे वर्धा जिल्ह्यात फिरकलेले नसावेत. इथे अशा चित्रपटांना वीस वर्षांपासून विनाअर्ज, विनाअहवाल अर्थसाहाय्य चालू आहे. देणारी असते नवरा गमावलेली कास्तकारीण. ती अंगण देते, ऐन वेचणीत मजुरी बुडवून अर्धा दिवस देते, भिंतीवरचा हार घातलेला फोटो उतरवून देते आणि ट्रकच्या हॉर्नमुळे रडणं वाया गेलं तर पुन्हा रडून देते. वर पथकाला चहा. श्रेयनामावलीत बोधचिन्ह मात्र फाउंडेशनचं झळकतं, आणि तेच रास्त आहे. फाउंडेशनकडे पावत्या असतात. चहाची पावती कोण ठेवतं?

अंदाजपत्रकात ड्रोन असतो, ध्वनिमिश्रण असतं, इंग्रजी उपशीर्षकं असतात, महोत्सवांची प्रवेश फी असते, चित्रपटाचा समाजावर परिणाम घडवून आणणारा एक पगारी माणूसही असतो. बाईपुढे ‘मानधन : निरंक’. यामागे कंजूषपणा नाही, तत्त्व आहे. पैसे दिले की साक्ष बाटते. दिग्दर्शकाचं सत्य मानधनाने बाटत नाही, संकलकाचं बाटत नाही, परीक्षकांचं तर विमानाच्या तिकिटानेही बाटत नाही. तीनशे रुपयांनी बाटेल इतकं नाजूक सत्य एकट्या तिच्यापाशी आहे. ते जपायला हवं.

जिल्हाही सोयीचा. नागपूरला उतरावं, समृद्धी महामार्ग धरावा, येळाकेळीला उतरावं. महामार्गाचं नाव समृद्धी असल्याने सुरुवातीचं दृश्य वाटेतच मिळून जातं. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, त्यामुळे बापूकुटी आणि चरखा तासाभरात उरकता येतात. पुढचं काम गावकरी करतात. २००५ मध्ये डोरलीकरांनी अख्खं गाव विकायला काढलं. पटकथाकाराला इतकं नेमकं सुचलं नसतं. पुढच्याच पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग वायफडला येऊन गेले आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं, त्यात वर्धाही होता. तेव्हापासून पाहुणा आला की खुर्ची कुठे मांडायची, हे इथल्या पोरांनाही कळतं.

निवडीची पद्धत तर दुहेरी चाळणीची आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं आणि वसुलीचा तगादाही हवा. सगळं जुळलं तर ‘पात्र’. मग एक लाख रुपये. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ही रक्कम २००६ मध्ये ठरली आणि महागाईच्या नादी न लागता अजून ठाम आहे. विनापरवाना सावकाराकडून कर्ज काढणारा ‘अपात्र’. पण इथेच माहितीपटाचं मोठेपण दिसतं. सरकारी समितीने नाकारलेलं प्रकरण ॲमस्टरडॅमच्या महोत्सवातल्या निवड समितीपुढे जास्त उठून दिसतं. काही मिनिटांत सांगायचं असतं, आणि अपात्र विधवेची गोष्ट पात्र विधवेपेक्षा केव्हाही आटोपशीर. दोन्हीकडे कागद लागतात. दुसरीकडे फक्त नकाशा जोडावा लागतो.

पैसा दुरून यावा हेही योग्यच. दीपा भाटिया यांचा पत्रकार पी. साईनाथांवरचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) विदर्भातल्या कास्तकारांविषयी आहे आणि त्यामागे फिनलंडचा हात आहे. फिनलंडमध्ये कापूस पिकत नाही, त्यामुळे भाव पडल्याची चिंता तिथे निर्मळ मनाने करता येते. चित्रपट उत्तम झाला, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्यात वऱ्हाडच्या कापसाचे सदरे घालणारे पुष्कळ आहेत. त्यांनी वर्गणी काढली असती तर उगीच नात्यागोत्याचा आरोप आला असता.

२०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आणखी चोख झाला. आता बाहेरचा पैसा आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उतरतो आणि एका संस्थेने तो दुसरीला द्यायचा नाही. म्हणजे मुंबईच्या संस्थेला या पैशातून आर्वीच्या संस्थेला कॅमेरा घेऊन देता येत नाही. बरं झालं. आर्वीच्या पोराच्या हाती कॅमेरा आला असता तर त्याने आर्वीच दाखवली असती, तीही आर्वीकरांना. बाहेरच्याची नजर ताजी असते. पऱ्हाटी कोणती नि तूर कोणती हे त्याला सांगावं लागतं, पण त्याच्या डोळ्याला सगळंच हिरवं दुःख दिसतं.

या सुरळीत व्यवहारात काही माणसं खोडा घालतात. आनंद पटवर्धनांचंच घ्या. घाटकोपरच्या रमाबाई नगरात जुलै १९९७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यावरचा त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ आला २०११ मध्ये. चौदा वर्षं! दीड वर्षाच्या अनुदानात हे कसं बसवायचं? परत चित्रपट वस्त्यांमध्ये नेऊन ज्यांच्यावर काढला त्यांनाच दाखवला. प्रेक्षक आणि विषय यांत अंतर हवं, हा साधा नियमही पाळला नाही. असे दोन-चार निघाले तर देणगीदारांनी अहवाल कशाचे मागवायचे?

सुदैवाने वर्ध्यात घडी विस्कटलेली नाही. आत्महत्येचा विषय आता जुना झाला. सध्या हवामान बदलाला पैसा आहे. वावर तेच, बाई तीच, फक्त या खेपेला प्रश्न कर्जाचे नसून पावसाचे. पथकाला नवं काही शोधावं लागत नाही. गाडी थांबली की ती पदर सावरून बाहेर येते आणि विचारते, “कोणत्या बाजूनं उभी राहू जी? मागच्या भाऊनं तर गोठ्यापाशी उभं केलं होतं.”