व्हिएन्नातील आचारधर्म

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना पाहायला निघालेल्या प्रवाशाची पहिली अडचण अशी की, तिथल्या स्थानकांच्या नावांत आणि आगगाड्यांच्या फलकांवर व्हिएन्ना हा शब्दच नसतो. तेथे 'व्हीन' लिहिलेले असते, आणि रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचायची सवय असलेला मनुष्य ते 'वाइन' असे वाचून आपण चुकून एखाद्या मद्य गाळणाऱ्या खेड्यात उतरणार की काय, अशा शंकेने व्याकुळ होतो. ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण या शहराच्या हद्दीत खरोखरच द्राक्षमळे आहेत आणि त्यांतली वाइन शहरातच प्यायली जाते. तथापि 'व्हीन' हे व्हिएन्नाचे स्थानिक, म्हणजे जर्मन भाषेतील नाव होय, एवढे ध्यानात ठेवले की प्रवासी निदान योग्य गाडीत बसतो. यापुढच्या बहुतेक अडचणी मात्र नावाच्या नसून आचारधर्माच्या असतात. आचारधर्म म्हणजे कोठेही लिहून न लावलेले, परंतु मोडले असता आजूबाजूच्या प्रत्येकाला तत्काळ कळणारे नियम. आणि व्हिएन्नाचे वैशिष्ट्य असे की तेथे प्रवाशाला अडवणारे सहसा कोणी नसते, आधी सांगणारेही कोणी नसते, नियम मात्र सर्वत्र असतात.

विमानतळ श्वेखाट या गावी, शहराबाहेर आहे. तेथून मध्यवस्तीतील 'व्हीन मिटे' या स्थानकाला जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक हिरव्या रंगाची, झगमगीत जाहिरातीची आणि १६ मिनिटांत पोहोचवणारी असते, तर दुसरी 'एस ७' नावाची साधी उपनगरी गाडी त्याच स्थानकाला साधारण २५ मिनिटांत आणि कितीतरी कमी पैशांत पोहोचवते. नऊ-दहा मिनिटे वाचवण्यासाठी इतके पैसे मोजावेत की नाही, हा प्रश्न डोंबिवलीला जलद गाडी सोडून धीम्या गाडीत बसायची जागा पकडणाऱ्या मनुष्यास विचारण्याचे कारण नाही.

शहरातील भुयारी रेल्वेच्या स्थानकांत शिरताना प्रवाशाला जो धक्का बसतो, त्याचे विवेचन थोडे सविस्तर करणे अवश्य आहे. तेथे फिरती दारे नाहीत, अडसर नाहीत, तिकीट दाखवा म्हणणारा शिपाई नाही. केवळ फलाटाकडे जाणाऱ्या वाटेवर छोट्या निळ्या पेट्या असतात, ज्यांत छापील तिकीट घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावयाचा असतो. मुंबईच्या लोकल-स्थानकांवर एकेकाळी कुपने पंच करण्याची यंत्रे असत, त्यांच्याच जातीची ही पेटी होय, आणि कुपन पंच करायला विसरून टीसीच्या हाती सापडलेल्या मुंबईकराला तिचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही. तासांच्या मुदतीचे तिकीट याच शिक्क्याच्या क्षणापासून मोजले जाते, म्हणून ते हॉटेलातून निघतानाच उत्साहाने नव्हे, तर प्रत्यक्ष गाडीत बसण्यापूर्वी पंच करावे. शिक्क्याविना खिशात असलेले तिकीट हे कायद्याच्या दृष्टीने तिकीट नसतेच, आणि नेमका हाच मुद्दा प्रवाशाला तपासनीस भेटल्यावर समजतो. या तपासनिसांना तेथील लोक 'श्वार्ट्सकाप्लर', म्हणजे काळ्या टोपीवाले, म्हणत आले आहेत. आता त्यांच्यापैकी बरेच जण साध्या वेशात असतात, त्यामुळे शेजारी बसून निर्विकारपणे खिडकीबाहेर पाहणारे सद्गृहस्थ पुढच्याच क्षणी ओळखपत्र काढून शंभर युरोंहून अधिक दंडाची पावती फाडू शकतात. आपण परदेशी आहोत, आपल्याला ठाऊक नव्हते, हा युक्तिवाद त्यांनी आपल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पुरेसा ऐकलेला असतो.

पत्त्यांची रचना मात्र प्रवाशाला प्रसन्न करणारी आहे. शहराचे २३ विभाग असून चार आकडी पिनकोडातील मधले दोन आकडे विभागाचा क्रमांक सांगतात, म्हणजे १०७० हा सातवा विभाग आणि ११०० हा दहावा. त्यामुळे मुक्कामाचे हॉटेल शहराच्या मध्यात आहे, ही जाहिरातीतील ग्वाही खरी की कवीची, हे घरबसल्या ठरवता येते. घराच्या क्रमांकानंतर तिरप्या रेघा देऊन पुढे आलेले आकडे अनुक्रमे जिन्याचा आणि दाराचा क्रमांक असतात. जुन्या इमारतींतील मजल्यांची गणना हा याच विषयाचा दुःखद पोटभाग होय. तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, हे महाराष्ट्रातील मनुष्य बालपणापासून जाणतो. व्हिएन्नात मात्र तळमजल्यानंतर कधी 'होखपार्टेर', म्हणजे उंचावलेला तळमजला, त्यानंतर 'मेत्सानिन' नावाचा मधला मजला, आणि मग कोठे पहिला मजला सुरू होतो, त्यामुळे 'पहिल्याच मजल्यावर तर आहे' असे म्हणून लिफ्ट नसलेल्या घरात २३ किलोच्या बॅगा उचलणारे कुटुंब तिसऱ्या वळणावर थांबून घरमालकाच्या सचोटीविषयी चर्चा करू लागते. घरमालक प्रामाणिकच असतो.

दुकानात शिरताना 'ग्र्यूस गॉट' म्हणावे. याचा मथितार्थ ईश्वराच्या नावे नमस्कार असा असून खेड्यातल्या 'रामराम'प्रमाणेच ते म्हणण्यासाठी धार्मिक असण्याची गरज नसते. न म्हणता सरळ भाव विचारणाऱ्याला मात्र भाव सांगितला जातो तो एका विशिष्ट स्वरात.

आता कॉफीगृहांकडे वळावे. व्हिएन्नाची कॉफीगृह-संस्कृती २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदली गेली, यावरून तेथे केवळ पेय मिळत नाही हे उघड आहे. 'एक कॉफी द्या' हे वाक्य तेथे जवळजवळ निरर्थक ठरते, जसे भांड्यांच्या दुकानात जाऊन 'एक भांडे द्या' म्हणावे तसे. 'क्लायनर ब्राउनर' म्हणजे छोट्या कपातली गडद कॉफी, सोबत चिमुकल्या भांड्यात मलईयुक्त दूध. 'फरलेंगर्टर' म्हणजे पाणी घालून लांबवलेली, ज्यात पाहुणे वाढल्यावर आमटी वाढवण्याचेच तत्त्व आहे. 'मेलाँज' म्हणजे कॉफी आणि गरम दुधाचे फेसाळ मिश्रण, जे मराठी जिभेला सर्वांत जवळचे. आणि 'आइनश्पेनर' म्हणजे काचेच्या पेल्यात घट्ट फेटलेल्या सायीचा डोंगर धारण करणारी काळी कॉफी. या शब्दाचा मूळ अर्थ एका घोड्याची गाडी, म्हणजे आपला एक्का, असा आहे, आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणारे गाडीवान एका हाती लगाम व दुसऱ्या हाती हा पेला धरत, सायीच्या थरामुळे कॉफी थंड होत नसे, अशी त्याची उपपत्ती दिली जाते.

कॉफीसोबत धातूच्या तबकात पाण्याचा पेला येतो, ज्याच्या तोंडावर चमचा पालथा ठेवलेला असतो. हे पाणी फुकट असते, आणि ते आल्प्समधील झऱ्यांचे असते. १८७३ मध्ये पहिला आणि १९१० मध्ये दुसरा जलमार्ग बांधून ते शहरात आणले गेले. नळाला असे पाणी असताना बाटल्या विकत घेत फिरणे हे नदीकाठी राहून टँकर मागवण्यासारखे होय, तरी बहुसंख्य पर्यटक तेच करतात. उपाहारगृहात मात्र नुसते 'वासर', म्हणजे पाणी, मागितल्यास बहुधा बुडबुड्यांचे आणि पैशांचे पाणी येते, म्हणून 'लायटुंग्सवासर', अर्थात नळाचे पाणी, हा अवघड शब्द मुंबई सोडण्यापूर्वीच पाठ करून ठेवावा.

कॉफीगृहातील वाढप्याला 'हेर ओबर' असे आदराने संबोधले जाते. काळ्या पोशाखातील हे गृहस्थ तुम्हाला एका कॉफीवर तीन तास बसू देतील, लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रे वाचू देतील, पाण्याचा पेलाही बदलून देतील, पण मागितल्याशिवाय बिल आणणार नाहीत. अशा प्रसंगी 'किती दुर्लक्ष करतात हो' असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः सत्काराला अपमान समजत असतो, कारण तेथे न मागता बिल आणणे म्हणजे 'उठा आता' असे सांगणे होय. आपल्याकडील काही उपाहारगृहांत मठ्ठ्याबरोबरच बिल येते, त्या संस्कारातून हा गैरसमज जन्मतो. बिल चुकते करताना बक्षिसी टेबलावर ठेवून निघून जाऊ नये; रक्कम ऐकल्यावर आपण मनात ठरवलेला वाढीव पूर्णांक तोंडाने सांगावा, म्हणजे हेर ओबर पोटाशी बाळगलेल्या जाड पाकिटातून तेवढेच सुटे परत करतात. या कॉफीगृहांपैकी विख्यात कॅफे सेंत्राल हे १८७६ मध्ये उघडले. पहिल्या महायुद्धापूर्वी रशियन क्रांतिकारक लिऑन ट्रॉट्स्की तेथे बुद्धिबळ खेळत, आणि पेटर आल्टेनबर्ग हे लेखक तर आपला पत्ता म्हणून याच कॅफेचे नाव देत. आज तेथे दाराबाहेर एवढी रांग असते की क्रांतीचा बेत करायचा झाल्यास गल्लीतले एखादे अप्रसिद्ध कॉफीगृह गाठणेच श्रेयस्कर.

शाकाहारी प्रवाशाने शब्दांपासून सावध राहावे. पॅनकेकच्या बारीक पट्ट्या घातलेले 'फ्रिटाटेनझुप्पे' हे सूप दिसायला निरागस असते, पण त्याचे पारदर्शक पाणी हे गोमांसाचा अर्क असते. आणि रस्त्यावरील टपरीत मिळणाऱ्या 'केझेक्रायनर'च्या नावात 'केझे', म्हणजे चीज, आहे एवढ्यावर विसंबून ते मागवणाऱ्याच्या हाती आतून चीज भरलेले सॉसेज येते. सुखरूप पदार्थांत 'कायझरश्मारन' हा अग्रगण्य होय: जाड गोड धिरडे तव्यावरच फाडून त्यावर पिठीसाखर भुरभुरलेली, बाजूला आलुबुखारांचा मुरंबा. दिसायला तो उलटताना मोडलेल्या धिरड्यासारखाच असतो, फरक एवढाच की येथे त्याला सम्राटाचे नाव देण्यात आले.

झाखरटोर्ट या चॉकलेट-केकविषयी तर न्यायालयीन वाङ्मय आहे. तो १८३२ मध्ये फ्रान्झ झाखर याने बनवला असे मानले जाते. पुढे त्याच्या कुलनामाचे हॉटेल आणि डेमेल हे मिठाईगृह यांच्यात 'अस्सल' कोणाचा, यावरून अनेक वर्षे वाद चालला आणि १९६३ मध्ये मिटला. हॉटेलच्या केकात जर्दाळूच्या मुरंब्याचा थर मध्येही असतो, डेमेलच्या केकात तो केवळ वरच्या आवरणाखाली असतो. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीच्या छायेत वाढलेल्या वाचकास या वादाचे गांभीर्य सहज उमगेल. केक दोन्हीकडे किंचित कोरडाच लागतो, आणि म्हणूनच सोबत 'श्लागओबर्स', म्हणजे फेटलेली साय, देतात.

रविवारी दुकाने बंद असतात. हे वाक्य प्रवासी वाचतो, मान डोलावतो आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतर दूध आणायला निघतो, तेव्हा त्याला शहर कुलूपबंद दिसते. मोठ्या रेल्वेस्थानकांतील काही किराणा दुकाने उघडी असतात, पण तेथे रविवारी अर्धे शहर लोटते. रविवार वस्तुसंग्रहालयांसाठी राखून ठेवावा. घरून आणलेले मेतकूट आणि चिवडा हेही त्याच दिवसासाठी.

संगीतनाट्याचे सरकारी गृह, 'श्टाट्सओपर', हे २५ मे १८६९ रोजी मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'ने उघडले. त्याच्या वास्तूवर लोकांनी इतकी टीका केली की दोन वास्तुकारांपैकी फान डेर न्यूल यांनी १८६८ मध्ये आत्महत्या केली आणि दुसरे, झिकार्ड्सबुर्ग, काही आठवड्यांतच आजाराने वारले. असे सांगतात की या प्रकाराने हादरलेले सम्राट फ्रान्झ योझेफ त्यानंतर काहीही दाखवले तरी 'फार सुंदर, फार आनंद झाला' एवढेच म्हणत. परदेशात यजमानाने काहीही दाखवले तरी हा अभिप्राय आजही पुरतो. येथील बैठकीची तिकिटे महाग असली तरी 'श्टेप्लाट्झ', म्हणजे उभे राहण्याच्या जागा, केक-कॉफीच्या आसपासच्या किमतीत त्याच दिवशी मिळतात. आत गेल्यावर आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधला की ती जागा आपली होते, आणि मग खुशाल फिरून यावे. मफलर हलवण्याचे पाप कोणी करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या ज्याने आत्मसात केली, त्याला येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही, किंबहुना रुमालाला मिळणारा हा निर्विवाद मान पाहून त्याचा ऊर भरून येईल. ओव्हरकोट मात्र बाहेर जमा करावा लागतो. श्टेफान्सडोम या मुख्य चर्चभोवती पांढरे टोप आणि जरीचे कोट घालून तिकिटे विकणारे तरुण ज्या मैफलींची तिकिटे देतात, त्या पर्यटकांसाठी योजलेल्या वेगळ्याच मैफली असतात. टोपावर जाऊ नये.

जुन्या तटबंदीच्या जागी १८५७ च्या आज्ञेने आखलेल्या आणि १८६५ मध्ये उघडलेल्या रिंगश्ट्रासे या वर्तुळाकार राजमार्गावरून एकाच ट्राममध्ये बसून संपूर्ण फेरी मारता येते, असे जुन्या मार्गदर्शिका सांगतात. २००८ पासून तसे होत नाही, मध्ये गाडी बदलावी लागते, आणि जो बदलत नाही तो भलत्याच उपनगरात पोहोचतो. याच रिंगवरून ७१ क्रमांकाची ट्रामही जाते. व्हिएन्नात एखादा मनुष्य वारला की तो 'एकाहत्तर पकडून गेला' असे म्हणतात, कारण ही गाडी १८७४ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या भूमीत अंदाजे ३० लाख लोक विसावले आहेत, तर शहरात जिवंत लोक २० लाखांच्या आसपास आहेत. सुरुवातीला ही जागा लांब पडते म्हणून लोक तिकडे फिरकेनात, तेव्हा नगरपालिकेने मानाच्या कबरींचा विभाग काढला आणि १८८८ मध्ये बेटहोफेन व शूबर्ट यांचे अवशेष दुसऱ्या दफनभूमीतून उचलून येथे आणले. गिऱ्हाईक वाढवण्यासाठी एवढी मातब्बर मंडळी क्वचितच वापरली गेली असतील. मोझार्टचे येथे केवळ स्मारक आहे, त्यांचे दफन १७९१ मध्ये झांक्ट मार्क्स येथे झाले, आणि तो थांबाही याच ट्रामच्या वाटेवर लागतो. प्रवाशाने 'दुसरे द्वार' या थांब्यावर उतरावे. घाईने पहिल्या द्वाराशी उतरणाऱ्याला बराच वेळ भिंतीच्या कडेने चालावे लागते. आवार इतके मोठे आहे की आत बस फिरते, तिला शहराचेच तिकीट चालते, आणि ते पंच केले आहे की नाही, हे विचारायला येथेही दारात कोणी उभे नसते.