दोन तुटक रेघा

आमच्या गावच्या पाणंदीला एका रविवारी एका पाहुण्यानं साष्टांग नमस्कार घातला. म्हणजे तो सायकलीवरून पडला. गुडघ्याचं रक्त पुसत उठला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "काय ट्रेल आहे!" या पाणंदीत पडून आजवर पुष्कळ जण उठले, उठल्यावर त्यांनी कोणाच्या ना कोणाच्या आईची आठवण काढली. कौतुक करणारा हा पहिलाच.

आमचं गाव पुण्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात. पाऊस उघडला की रविवारी पहाटे मोटारींच्या टपावर सायकली बांधून मंडळी येतात. पेट्रोल जाळून आणलेली सायकल इथे चिखलात घालतात आणि दमल्यावर पुन्हा टपावर चढवतात. पाणंदीच्या टोकाला ज्यांचं रान आहे त्या आबांनी पहिल्या दिवशी त्यातल्या एका सायकलीला, बाजारात बैलाला मारावी तशी, प्रदक्षिणा मारली. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही.

"वैरणीचा भारा कुठं बांधायचा?"

"आबा, ही माउंटन बाइक आहे. पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन आहे."

किंमत अडीच लाख ऐकून आबा गप्पच झाले. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "एवढ्यात खोंडाची जोडी आली आसती. अन् चढावर तिला ढकलावं लागत न्हाई."

या खेळाची कुळकथा पाहुण्यांनीच सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन नावाचा परगणा आहे. तिथली काही पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून काढून डोंगरावरून खाली सोडायची. 1976 साली त्यांनी शर्यतच लावली. उतार एवढा, की खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेला ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. पुढे 1996 साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पदकाला लागला. भंगारापासून ऑलिम्पिकपर्यंत वीस वर्षं. आमची पाणंद मात्र आबांच्या वाट मोकळी करण्याच्या अर्जापासून पुढच्या तारखेपर्यंतच पोचली.

पाहुण्यांनी मग विचारलं, "हा सिंगलट्रॅक कोणी डिझाइन केला? परदेशात यासाठी ट्रेलबिल्डर असतात." सिंगलट्रॅक म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल एवढी अरुंद वाट. प्रश्न ऐकून मी आणि पाणंदीपलीकडच्या तात्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नम्रपणे माना खाली घातल्या. कारण डिझाइन आमच्याच दोन घराण्यांचं.

गावच्या नकाशात गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेघेनं. इंग्रजांच्या मोजणीत आमच्या पाणंदीला दोन रेघा आहेत. समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर गाडीवान एकमेकांना तंबाखू देऊन पुढे जायचे, असं म्हातारे सांगतात. मग उजवीकडून आमच्या आजोबांनी आणि डावीकडून तात्यांच्या आजोबांनी बांध कोरायला घेतला. वर्षाला एक तास, जास्त हाव नाही. तीन पिढ्यांच्या अखंड साधनेनंतर दोन रेघा जवळ येत येत एकमेकींना भेटल्या. भावाभावांत जो समेट गावानं कधी पाहिला नाही, तो त्या रेघांनी करून दाखवला.

आता या वाटेवरच्या एकेका स्थळाचं बारसं झालंय. आमच्या बांधाची ताल ढासळून दगड वाटेत आले, तो 'रॉक गार्डन'. वाहून गेलेली मोरी म्हणजे 'ड्रॉप'. तात्यांनी आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या म्हणजे 'नॅचरल ऑब्स्टॅकल'. ट्रेलला अवघडपणाचे रंग असतात म्हणे : हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे जिवाची खात्री नाही. आमच्या पाणंदीला दोन काळे मिळाले. गावाला मिळालेला हा पहिला शेरा, ज्याचं पेढे वाटून स्वागत झालं.

ओढ्याजवळचा चढ मात्र कोणालाच चालवत जाता येत नाही. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि चिखल तुडवत वर जायचं. याला ते 'हाइक-अ-बाइक' म्हणतात. वर पोचल्यावर टाळ्या होतात, फोटो निघतात. आम्हालाही तिथे खांदा द्यावाच लागतो. मागच्या श्रावणात आबांच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी तिला तोच चढ चढवला. फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही. बाळ वरच्या अंगाला, आंब्याखाली झालं. सुदैवानं दोघं सुखरूप आहेत.

त्याच आठवड्यात आबांनी पुन्हा अर्ज केला. सरकारकडे कायद्यांची वाण नाही. वाटेतला अडथळा काढायला 1906 सालचा मामलेदार न्यायालय कायदा आहे, म्हणजे 'रीपॅक' शर्यतीहून सत्तर वर्षांनी थोरला. बांधावरून नवी वाट मागायला 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. 2021 साली तर खास शेत-पाणंद रस्त्यांची योजनाच आली. पण योजनेतून मुरूम पडायचा तर आधी अतिक्रमण निघायला हवं, ते काढायचं तर मोजणी हवी आणि मोजणीचं यंत्र आणायचं तर रस्ता हवा.

स्थळपाहणीला चार वर्षं कोणाला सवड झाली नव्हती. यंदा दिवाळीनंतर पाहुण्यांनी शर्यत ठेवली आणि झेंडा दाखवायला कचेरीतले मोठे साहेब स्वतः आले. गाडी वेशीपाशीच रुतली. साहेब पँट दुमडून चालत आले आणि भाषणात म्हणाले, "हा नैसर्गिक ठेवा आहे. असाच जपा." पहिल्या टाळ्या मी आणि तात्यांनी वाजवल्या. त्या दिवशी पाणंदीतून बासष्ट सायकली गेल्या. घरोघर चहा-मिसळीचे पैसे आले. आबांच्या सुनेनंही भजी तळली. कडेवर तेच बाळ.

आबा मात्र हुशार निघाले. पाहुण्यांच्या मोबाइलवर त्यांनी पाणंद पाहिली. केशरी, ठसठशीत, वेशीपासून थेट त्यांच्या रानापर्यंत. उपग्रहानं काढलेली रेघ! याहून मोठा पुरावा कुठला? नातवाकडून रंगीत प्रत काढून घेतली आणि पुढच्या तारखेला कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट पाहिला.

"ही वाट तुमच्या रानापर्यंत जाते?"

"व्हय साहेब."

"एका दिवसात बासष्ट सायकली गेल्या?"

"म्या सोता मोजल्या."

"मग अडथळा कुठाय?"

आठ दिवसांत लेखी आदेश आला. चार वर्षं न हललेलं प्रकरण आठ दिवसांत! 'अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या पुराव्यावरून सदर रस्ता अस्तित्वात असून वहिवाटीस खुला असल्याचे दिसून येते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

आबांनी तो कागद घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला.

परवा मी रब्बीची नांगरट काढली. ट्रॅक्टरवाल्यानं बांधाशी येऊन विचारलं, "दादा, हितवरच का आजून एक तास?" मी पलीकडे पाहिलं. तात्यांचा ट्रॅक्टरही बांधालाच लागला होता.

रविवारी पाहुणे आले. तीन वेळा पडले, तिसऱ्यांदा उठले आणि म्हणाले, "वा! या सीझनला ट्रेल आणखी टेक्निकल केलीत!"