समुद्राला निघालेले आबा

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात समुद्राला निघायचा मुहूर्त कांदा ठरवतो. कांद्याला पाणी देऊन झालं आणि गाईंच्या धारा काढायला मेहुणा कबूल झाला, की आबा ताम्हिणी घाटाने दिवेआगरला निघतात. आबा हे कुणा एकाचं नाव नव्हे. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठेही एक तरी सापडतातच.

बॅग भरणं हे त्यांच्या मते बायकांचं काम. भरलेली बॅग उपसून पुन्हा भरणं मात्र त्यांचं.

पहिला मान खाण्याचा. आबा माळकरी असल्यामुळे कोकणातल्या सुरमईचा त्यांना काही उपयोग नाही. बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा, मासवडी, तिचा रस्सा वेगळ्या डब्यात, आणि वर अर्धी गोणी कांदा. सातवाहनांच्या काळात समुद्रावरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. आबा माल उलटा उतरवतात, एवढाच फरक. घाटातल्या वळणांसाठी आवळासुपारी घेतात, ती मात्र शहाणपणाची.

मग बॅटरी आणि काठी. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र असलेल्या तालुक्यात रात्री पाणी धरायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. पुळणीवर बिबट्या येईल असं आबांनाही वाटत नाही, पण सवय ती सवय.

खरा घोळ कपड्यांचा. डिसेंबरात जुन्नरला पहाटे हुडहुडी भरते, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि घोंगडी बॅगेत जाते. किनाऱ्यावर हवा दमट आणि थंडी बेताची, तेव्हा हे सगळं घडी न मोडता परत येतं. तिथे लागतात सैल सुती कपडे, तेही जास्तीचे, कारण खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा नीट वाळत नाही; त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. आबांना पाण्यात शिरायचंच नसतं, त्यामुळे भिजायचे कपडे नसतात. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवून ते घोटाभर पाण्यात उभे राहतात. तिसरी लाट थेट छातीला लागते. संध्याकाळी खोलीत पंख्याखाली पाचशेच्या नोटा वाळत पडतात, आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक कांदा. झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरी चप्पल नेली असती तर नोटाही वाचल्या असत्या आणि चामडी वहाणाही. गांधी टोपीने डोकं झाकतं, मान भाजते, उपरणं हवंच.

भिंतीवरचं कॅलेंडर आबा एकादशीसाठी सोबत घेतात. भरतीची वेळही त्यातच असते. तिथीला पाऊणने गुणलं की तास मिळतो: अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजायचं. हिशेब ढोबळ आहे, पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि तेव्हा पोरांना पाण्याच्या कडेलाच ठेवावं, हे कळायला पुरतो.

राहिला चार्जर. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. गावाकडे थ्री-फेज आली की आबा लाटांकडे पाठ करून फोन लावतात, आणि दिवेआगरला बसून कांदा भिजतो. मोबाइल बंद पडला तर सहल त्याच संध्याकाळी संपते. बाकी काही विसरलं तरी चालेल, चार्जर सगळ्यात वर ठेवावा.