नेतीभाऊ

नागपुरात दर तिसऱ्या चौकात एखादा नेताभाऊ फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो. आमच्या वाट्याला नेतीभाऊ आला. हात तोही जोडतो, पण डोक्यावर नेऊन, आणि एका पायावर उभा राहून. त्याचं खरं नाव आता आधारकार्डावर आणि लाइट बिलावर तेवढं उरलंय.

हे बारसं विदर्भ एक्स्प्रेसमध्ये झालं. एका मित्राच्या मुलीचं लग्न मुंबईला होतं, म्हणून आमची अख्खी टोळी निघाली होती. इगतपुरीच्या अलीकडे कुठेतरी, पुरतं उजाडायच्या आत, डब्याच्या टोकाला गलका ऐकू आला. जाऊन पाहतो तर आमचा हा मित्र बेसिनवर मान तिरकी करून उभा. तोंड उघडं, उजव्या नाकपुडीत तोटीचं पितळी भांडं आणि डाव्या नाकपुडीतून पाण्याची अखंड धार. मागे ब्रशवर पेस्ट लावून ताटकळलेली रांग. रांगेतल्या एका पोराने आईला हाक मारली, ‘‘मम्मी, या काकांचं नाक लीक होऊन राहिलं!’’ भांडं रिकामं झाल्यावर नाकात उरलेलं पाणी काढायला त्याने फटाफटा श्वास बाहेर टाकायला सुरुवात केली, तेव्हा खालच्या बर्थवरच्या एका आजींनी पिशवीतून स्वतःचा इनहेलर काढला. कोणीतरी टीसीला बोलावून आणलं.

यानं शांतपणे नाक पुसलं आणि टीसीला म्हणाला, ‘‘जलनेती. पाणी उकळून कोमट केलेलं पाहिजे, नळाचं डायरेक्ट चालत नाही. अर्ध्या लिटरला मिठाचा एक छोटा चमचा, तोही शिगोशीग नाही. डोळ्यातलं पाणी जितकं खारट, तितकंच.’’ टीसीला सायनसचा जुना त्रास निघाला. कल्याण येईपर्यंत तो आमच्याच बर्थवर बसून चार्टच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घेत होता. जाताना त्याने ‘‘येतो नेतीभाऊ’’ म्हणून वाकून नमस्कार केला. आम्हाला आयतंच नाव मिळालं.

ही जात आता गावोगाव सापडते. ही मंडळी चारला उठतात आणि आपण उठलो हे सव्वाचारला ग्रुपवर कळवतात. साखर, मीठ आणि मैदा यांचा उल्लेख विष असाच करतात. लग्नात बुफेपाशी तुमच्या शेजारी उभं राहून तुमच्या ताटातल्या गुलाबजामाचा हिशेब तुम्हाला ऐकवतात. यांच्याशी मैत्री टिकवणं हीच एक साधना आहे. नेतीभाऊ त्यांच्यातला असून त्यांच्यातला नाही. ग्रुपवर तो कधी फोटो टाकत नाही, आणि कॅलरी त्याला मोजता येत नाहीत. त्याचा उपद्रव निराळा. तो माणसाच्या तोंडाआधी कण्याकडे पाहतो. भेटला की नमस्कार नाही, रामराम नाही, नुसतं ‘‘पाठ!’’ ऐकणारा गपकन ताठ होतो. त्या मुंबईच्या लग्नात स्टेजवर अक्षता टाकताना तो जावयाच्या कानाशी हळूच तेवढंच म्हणाला. अल्बममध्ये पुढच्या सगळ्या फोटोंत जावई फौजेच्या भरतीला उभा असल्यासारखा दिसतो.

तोंडाच्या बाबतीत मात्र तो कोणाच्या मध्ये येत नाही, आणि नागपुरात राहून हे त्याने कसं जमवलं, हे मला कोडंच आहे. इथली सकाळ तर्री-पोह्यांनी होते. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कांदा, लिंबू, आणि कपाळावर घाम. रविवारी बगिच्याच्या फाटकाजवळच्या ठेल्यावर आम्ही जमतो, तिथे नेतीभाऊ नेमाने हजर असतो. पहिल्यांदा त्याने कोरे पोहे मागितले तेव्हा ठेलेवाल्याचा चेहरा पडला. आपल्या तर्रीत काही खोट निघाली, असं त्याला वाटलं. मग तोड निघाली. ठेलेवाला झाऱ्याने वरचा तवंग बाजूला सारतो, खालचे हरभरे निथळून काढतो आणि कोऱ्या पोह्यांवर घालतो. हे काम तो अंगठीत खडा बसवणाऱ्या सोनाराच्या एकाग्रतेने करतो, आणि तोवर मागची गिऱ्हाइकं शिव्या घालतात. नेतीभाऊ एकेक हरभरा चावून खातो. आमची दुसरी प्लेट संपते तेव्हा त्याची पहिली अर्धी झालेली असते.

‘‘हे खाऊ नका’’ असं तो आजवर म्हणालेला नाही. सावजी मटणाच्या पार्टीलासुद्धा येतो, भाकरी आणि कांदा घेऊन आमच्यात बसतो, हसतो, बिलाचा वाटाही देतो. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून अगदी मायेने विचारतो, ‘‘झोप लागली का रे?’’ सावजीच्या दुसऱ्या दिवशी याहून क्रूर प्रश्न माणसाला विचारता येत नाही.

मध्यंतरी आमच्या टोळीत डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीची लाट आली. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. या विचाराचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानात आहे, असं दीक्षित स्वतः सांगतात. आणि जिचकार म्हणजे आमचेच, त्यामुळे नागपूरकरांना हा आहार घरचाच वाटला. आमच्यातल्या एकाने ५५ मिनिटांचा अर्थ असा लावला की, मिळालेला वेळ वाया घालवायचा नाही. मोबाइलवर गजर लावून तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत जेवायचा, आणि चोपन्नाव्या मिनिटाला संत्रा बर्फी मागायचा. वजन वाढल्यावर तो नेतीभाऊकडे दाद मागायला गेला. नेतीभाऊ म्हणाला, ‘‘दोनदा जेव म्हटलं त्यांनी. पंचावन्न मिनिटं पुरव, असं कुठं म्हटलं?’’

घरी वहिनींची बाजू वेगळी आहे. ‘‘तुम्हाला कौतुक आहे हो,’’ त्या एकदा मला चहा देता देता म्हणाल्या, ‘‘पण भांडायला दोन माणसं लागतात. मी बोलायला लागले की, हे डोळे मिटून श्वास मोजतात. माझं संपलं की, डोळे उघडून म्हणतात, बरं वाटतंय आता तुला. वरून ते खरंच असतं! माणसाने करावं काय?’’ चहा साखरेचा होता, आणि तो मला देताना त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहून घेतलं. वास्तविक नेतीभाऊची काही हरकत नव्हती. ही भीती वहिनींनी स्वतःच्या मनोरंजनासाठी जपलेली असावी.

तो या मार्गाला लागला तो काही वैराग्याने नव्हे. वीज मंडळातली नोकरी, खड्ड्यांतून दिवसभर स्कूटर, आणि तिशीतच कंबर धरली. डॉक्टरांनी वजनं लावून पलंगावर निजवलं. उठल्यावर ऑफिसातल्या एका वयस्कर साहेबांनी त्याला रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात नेलं. तो गेला याचं मुख्य कारण, तिथे फी नव्हती. हे तो स्वतः कबूल करतो. कंबर सुधारली, आणि फुकट मिळालेलं फुकटच परत करायचं, या हिशेबाने त्याने आमच्या बगिच्यातल्या टिनाच्या शेडखाली पहाटे साडेपाचचा वर्ग काढला.

त्या वर्गाची सुरुवात मी पाहिलेली आहे. लांबलचक सतरंजी अंथरलेली, समोर एकही माणूस नाही, आणि नेतीभाऊ खणखणीत आवाजात सांगतोय, ‘‘हळूच श्वास घ्या... टाचा उचला... घाई नाही.’’ फिरायला येणारे लोक त्या शेडला लांबून वळसा घालत. माझाही रस्ता तोच होता. ‘‘कोणाले शिकवून राहिला बे?’’ मी एकदा न राहवून विचारलं. ‘‘कोणी आला आणि पाहिलं की सुरूच नाही, तर तो उद्या येईल का?’’ तो म्हणाला आणि पुन्हा त्या रिकाम्या सतरंजीला म्हणाला, ‘‘आता श्वास सोडा.’’ पहिला विद्यार्थी बगिच्याचा चौकीदार. तोही आला तो सतरंजीवर झोपायला. नेतीभाऊने त्याला शवासनापासून सुरुवात करून दिली.

शरीर साथ देत नाही, अशी सबब त्याच्याकडे चालत नाही. लगेच बी. के. एस. अय्यंगारांचं उदाहरण येतं. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं भोगलेला हा मुलगा १९३७ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला आणि पुढे साऱ्या जगाला वाकवून गेला. पुण्याचं उदाहरण म्हटल्यावर नागपूरकर जरा सावध होतो, पण ते एक असो. अय्यंगारांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये प्रत्येक आसनापुढे अवघडपणाचा आकडा दिलेला आहे. ताडासनाला एक, आणि चढत चढत साठपर्यंत. ‘‘तू कितीवर पोचला?’’ असं विचारलं की, नेतीभाऊ गंभीरपणे ‘‘एकवर’’ म्हणतो. विनयाने म्हणत असेल, असं समजून मी वर्गात गेलो. तासभर त्याने आम्हाला नुसतं उभं केलं. अंगठा दाबा, टाच दाबा, गुडघ्याची वाटी वर ओढा, खांदे सोडा, जीभ सैल. तोवर मला वाटायचं, उभं राहता येतं आपल्याला.

तरी एकदा त्याने कला दाखवली. गणेशोत्सवात विविध गुणदर्शन होतं, मुलांनी हट्ट धरला, आणि नेतीभाऊ धोतर खोचून स्टेजवर आला. पोट आत ओढून त्याने मधले स्नायू दोरासारखे उभे केले आणि डावीकडून उजवीकडे घुसळायला लागला. नौली. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद यांनी याच क्रियेचा क्ष-किरणाखाली अभ्यास केला होता, ही माहिती तो माइकवरून सांगणार होता. पण पोट आत असताना बोलता येत नाही. पोरांनी वन्समोअर घेतला. लावणीला मिळाला नव्हता त्या वर्षी. अध्यक्षांनी आभार मानताना आमचे ‘पोटतिडकीने’ काम करणारे कार्यकर्ते असा उल्लेख केला, आणि वहिनी हॉलबाहेर निघून गेल्या.

२१ जूनला आमच्या शेडला पालखीचे दिवस येतात. आंतरराष्ट्रीय योग दिनाचा ठराव २०१४ च्या डिसेंबरात झाला. पुढच्या वर्षी पहिल्याच योग दिनाला दिल्लीत राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र आसनं करून विक्रम केला. बातमी वाचून आम्ही नेतीभाऊचं अभिनंदन केलं, तर तो म्हणाला, ‘‘त्यातले बावीस तारखेला किती आले, ते छापलं का?’’ आमच्याकडे एकवीसला नवे टी-शर्ट येतात, नगरसेवक येतात, केळी वाटली जातात, शेड पुरत नाही. नेतीभाऊ त्या दिवशी मागच्या कोपऱ्यात चपला सांभाळत बसतो. त्याचा सण बावीसला. त्या दिवशी तो पंधरा मिनिटं आधी येतो, आणि आदल्या दिवसाच्या गर्दीतलं एखादं माणूस जरी परत आलेलं दिसलं, तरी दिवसभर त्याची कळी खुललेली असते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूरची जी दैना झाली, ती इथल्या माणसाला सांगायला नको. घराघरात ऑक्सिमीटर आणि बेडसाठी फोन. मी घरच्या खोलीत एकटा पडलो होतो. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी नेतीभाऊचा फोन यायचा. आकडा विचारायचा, डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारायचा, आणि मग, ‘‘पालथा झाला का? उशी छातीखाली घे. फोन कानाशी ठेव.’’ पालथं झोपवायची सूचना सरकारचीच होती. त्याने स्वतःची भर काही घातली नाही, काढा सुचवला नाही, योगाने विषाणू मरतो असं एकदाही म्हणाला नाही. नुसता पलीकडे श्वास घेत राहायचा, मोठ्याने, मला ऐकू येईल असा. मी त्याच्या मागोमाग घ्यायचो. असे फोन तो आणखी कितीतरी घरी करत होता, हे बरा झाल्यावर कळलं. नंतर मी त्याला त्याबद्दल काही बोलायला गेलो, तर म्हणाला, ‘‘पाठ!’’

एवढं करून त्याच्या शिष्यांची यादी विचाराल, तर ती तोकडीच आहे. चौकीदार, दोन निवृत्त मास्तर, चार-पाच बाया, आणि मी, जमेल तसा. खरा पट्टशिष्य मात्र त्याला भलत्याच ठिकाणी मिळाला. हरभरे निथळता निथळता तर्रीवाल्याने एकदा स्वतःच्या मानेचं दुखणं त्याला सांगितलं, दुसऱ्या दिवशी भीतभीत शेडमध्ये आला, आणि आता एकही दिवस चुकवत नाही. परिणाम असा की, सहाला लागणारा ठेला हल्ली पावणेसातला लागतो. अख्ख्या पेठेत हाहाकार आहे. गेल्या रविवारी पंधरा-वीस भुकेली माणसं जाब विचारायला शेडपाशी गेली, मीही त्यांच्यात मागे उभा होतो. सतरंजीवर तर्रीवाला डोळे मिटून उताणा पडलेला. नेतीभाऊने ओठावर बोट ठेवलं, सगळ्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाला, ‘‘दहा मिनिटं आहेत अजून त्याची. आलेच आहात तर चपला काढा.’’