घरपट्टीची बाकी आणि तिचे खरे वसुली अधिकारी

घरपट्टी मागणारा आणि ती थकवणारा रोज एकाच पारावर बसतात. ग्रामपंचायतीच्या वसुलीची सगळी अडचण इथून सुरू होते. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात तामसीसारख्या गावी मागणीची नोंदवही पंचायत सचिवाकडे असते आणि दारोदार फिरणे कारोबाराच्या, म्हणजे पंचायतीच्या कर्मचाऱ्याच्या, वाट्याला येते. कारोबार गावातलाच. त्याने पावतीपुस्तक उघडले की आतून चहा येतो, आणि कप रिकामा होईपर्यंत गोष्ट कापसाच्या भावावर गेलेली असते. बाकी पुढच्या वर्षाच्या रकान्यात सरकते.

कायदा दुबळा नाही. शेजारच्या महाराष्ट्रात 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री असा क्रम लावून दिला आहे. पण शेजाऱ्याची मोटारसायकल लिलावात घ्यायला पुढे येणार कोण? आणि आलाच, तर पोळ्याला त्याने बैल कोणाच्या दारात न्यायचे?

शहरांना ही भीड नसते. पुणे महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून पाहिला. लग्नसराईत असा बँड फुकट मिळाला, तर काहींना तो सोयीचाच! दंडव्याजाचा धाक असतो खरा, पण त्यावर अभय योजनेचा उतारा असतो. 2020 मध्ये तेलंगणाने नागरी भागात मूळ थकबाकी एकरकमी भरणाऱ्यांना साचलेल्या व्याजात 90 टक्के सूट दिली. वेळेवर कर भरणाऱ्यांकडे माफ करण्यासारखे काही नव्हतेच, त्यामुळे ते कोरडेच राहिले.

गावात सचिवाकडे उरते एकच हत्यार : दाखला. कोणी दाखला मागायला आला, की पेनाआधी नोंदवही उघडते. त्याहून जबर वसुली मात्र निवडणूक करते. पंचायतीची बाकी अंगावर असली की उमेदवारी अडचणीत येते. त्यामुळे डिसेंबर 2025 सारख्या पंचायत निवडणुकीच्या हंगामात, वर्षानुवर्षे न सापडणारे मालक आपणहून टेबलापुढे उभे राहतात, जुनी बिले वादाशिवाय मान्य करतात आणि सुटे पैसे परत घ्यायचेही विसरतात.

निकालानंतर जिंकलेल्याच्या गळ्यात मतदारांकडूनच घरपट्टी वसूल करण्याचे काम पडते. ते तो सचिवाकडे सोपवतो, सचिव कारोबाराकडे. हरलेल्यांची नवी बाकी 1 एप्रिलपासून मोजायला लागते.