मिर्झापूरचे बारा

आमच्या आजीला घड्याळ वाचता येत नसे, पण तिचा चहा कधी उशिरा झाला नाही. दुपारी मावळतीकडच्या पडवीत ऊन सरकत सरकत आत येई. ते जात्याच्या खुंट्याला लागलं, की चुलीवर आधण चढे. पत्ता सांगायची रीतही तीच : ‘ओढ्यापासून उगवतीच्या अंगाला तिसरं घर.’

मी पडलो शिकलेला. फेब्रुवारीतल्या एका दुपारी पुण्यातल्या आमच्या गच्चीत झाडूचा दांडा कुंडीत सरळ रोवला. सावली सर्वांत आखूड झाली की मध्यान्ह, आणि त्या घटकेला ती बरोबर उत्तर-दक्षिण असते, एवढं पुस्तकी ज्ञान गाठीशी होतं. मोबाइलमध्ये बारा वाजताच खडूनं रेघ मारली. सव्वाबाराला पाहतो तर सावली आणखी आखूड! साडेबाराला आणखी.

“दांडा वाकडा असेल,” हिनं जिन्यातूनच निदान केलं. “आणि कुंडीतली माती कोण झाडणार?”

पावणेएकच्या सुमारास सावली एकदाची थबकली.

दांडा सरळच होता. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेली. तिथला सूर्य पुण्याच्या रेखांशावर पोचायला ३५ मिनिटं घेतो. त्यात पृथ्वीचा आस कललेला आणि तिची वाट लंबगोल. म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला त्याला आणखी १४ मिनिटं उशीर, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वारी १६ मिनिटं आधी हजर. म्हणजे ‘दुपारचे बारा’ म्हणून आपण ताटावर बसतो, ते मिर्झापूरचे. प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईनं ३९ मिनिटं मागे चालणारी आपली वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. पूर्वी मला हा निव्वळ हट्ट वाटे. हल्ली त्या मंडळींबद्दल जिव्हाळा वाटतो.

दिशेचीही तीच गत. मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, हे आम्ही शाळेत घोकलेलं. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो पुण्याच्या उत्तरेकडून जातो आणि भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. अशा दिवसांत शाळेच्या भरवशावर रानात शिरलेला माणूस घरी उलट्या वाटेनं पोचायचा.

सूर्य उत्तरेकडं जाताना एक दिवस नेमका डोक्यावर येतो. पुणेकरांनी १३ मेच्या आणि मुंबईकरांनी १५ मेच्या सुमारास साडेबाराला गच्चीत जावं. दांडा रोवावा, पाच-सात मिनिटं थांबावं. सावली बुडाशी गडप होते. जाताना टोपी घाला, आणि झाडू विचारून न्या.