लाब्दा केशो

आफ्रिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या सोसायटीत ‘सिंह दिसला का?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला प्रश्न सीझनवाल्या काकांचा असतो. ‘कोणत्या महिन्यात गेला होतात?’

उत्तर काहीही आलं तरी काकांचा चेहरा पडतो. तळमजल्यावरचं कुटुंब मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात, केनियाला जाऊन आलं. बिचारे मोबाइलवर चित्त्याची तीन पिल्लं दाखवत होते. काका नुसतं ‘मे?’ म्हणाले, पण दहाव्याला आल्यासारखं म्हणाले. ‘मार्चअखेर ते मे तिकडे मोठा पाऊस. गवत वाढलेलं, रस्त्यांचा चिखल. गाडी रुतली असेल ना?’ नव्हती रुतली. ‘नशीब,’ काका म्हणाले आणि लिफ्टकडे वळले. चित्ते मोबाइलमध्येच राहिले.

ही जात तुमच्याकडेही असेल. हापूसची पेटी अक्षय्य तृतीयेआधी आणली तर ‘घाई केलीत’ आणि नंतर आणली तर ‘आता काय राहिलंय त्यात’ म्हणणारी. तुम्ही कासला जाता तेव्हा फुलं परवापर्यंत होती. काश्मीरला पोचता तेव्हा ट्यूलिप गेल्या आठवड्यात छान होते. यांच्या हिशेबात जगातली प्रत्येक चांगली गोष्ट तुम्ही येण्याच्या थोडी आधी संपलेली असते.

आमचे काका नाशिकचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पाणी क्युसेकमध्ये मोजलेला माणूस. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि वर लिहिलं, ‘आफ्रिका : केव्हा?’ या ‘केव्हा’ला अकरा वर्षं लागली. या काळात काकूंनी चारधाम केलं, अंदमान केलं, मैत्रिणींबरोबर दुबईही करून आल्या.

सुरुवात ताडोबाच्या गणितानं झाली. मे महिना, आटलेले पाणवठे, वाघ. काकांनी हेच गणित आफ्रिकेला लावलं आणि विषुववृत्त आडवं आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरचा कोरडा काळ म्हणजे मे ते सप्टेंबर, आणि तो तिथला हिवाळा. गवत वाळतं, झाडी विरळ होते, जनावर पाण्यावर येतं, डासही कमी. ठरलं होतं जवळजवळ. पण वाचता वाचता काका बोट्स्वानात शिरले आणि ओकावांगोत बुडाले. पाऊस पडतो वर अंगोलाच्या डोंगरात, जानेवारी-फेब्रुवारीत. ते पाणी रमतगमत येतं आणि त्रिभुज प्रदेश भरतो जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत, आभाळात ढगही नसताना. पुढं समुद्र नाहीच, बहुतेक पाण्याची वाफ होते, उरलेलं वाळवंटात जिरतं. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला याहून मोठं काव्य नाही. ‘एक गेट नाही, एक टेंडर नाही!’ असं काका महिनाभर म्हणत होते. तिथले दर बघितल्यावर थांबले.

शेवटी आले केनियातल्या मसाई माराच्या वाइल्डबीस्टवर. १३ लाखांच्या आसपास जनावरं, सोबत झेब्रे, सेरेंगेटी आणि मारा मिळून वर्षभराची प्रदक्षिणा. जानेवारीअखेर ते मार्च दक्षिणेला एनडुटूच्या आखूड गवतात बाळंतपणं. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत सकस, म्हणून बहुतेक वासरं तिथं आणि थोड्याच आठवड्यांत जन्मतात. मग पावसामागोमाग उत्तरेला, जूनच्या सुमारास ग्रुमेटी नदी, आणि जुलै ते ऑक्टोबर मारा नदी. मगरींच्या तोंडातून पलीकडे जाण्याचा जो प्रसंग टीव्हीवर दिसतो तो हा. काकांना तोच पाहिजे होता.

आता अडचण बघा. नदी ओलांडायची ती नेमकी चातुर्मासात. ज्या चार महिन्यांत संन्याशानंसुद्धा एका जागी राहावं असा नियम, त्याच महिन्यांत हे लाखोंनी बाहेर पडतात. जुलैत आषाढी, त्याच महिन्याच्या १ तारखेपासून माराचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला दिवसाला १०० डॉलरवरून २०० डॉलर. मग श्रावणातले काकूंचे सोमवार. मग गणपती, तो सोडून जाणं शक्य नाही. ऑक्टोबरात नवरात्र, घट बसलेले. दिवाळीत नातीला सुट्टी, पण तोवर कळप परत दक्षिणेला लागतात. वहीत रकाने आखून, लाल-हिरव्या पेन्सिलीनं रंगवून झाल्यावर बारा महिन्यांतून एकच पंधरवडा पांढरा उरला. पितृपक्ष.

‘पितृपक्षात परदेश?’ काकू म्हणाल्या. ‘आणि मामंजींची तिथी?’

‘आपण नवीन काही घेत नाही, नुसतं बघून येणार. तिथीचं सर्वपित्रीला रामकुंडावर करू.’

अशा रीतीनं सप्टेंबरात आम्ही सहाजण मारामध्ये एका लँड क्रूझरमध्ये बसलो. आम्ही, म्हणजे मी आणि आणखी तिघे, ‘काकांनी ठरवलंय म्हणजे ठरवलंय’ या भरवशावर आलेले. पहाटे गारठा असा की काकांनी माकडटोपी घातली. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे हे वहीत होतं, त्यामुळे आमच्यात उबदार तेवढे एकटे होते. याचंही सुख त्यांनी लपवलं नाही.

आमचा ड्रायव्हर शांत माणूस. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाई’ म्हणतात, हे कळल्यापासून काकूंची आणि त्याची गट्टी जमली. सफारी हा शब्द आपल्या सफरीचाच भाऊ, अरबीतून गेलेला. काकूंचं म्हणणं, अर्धी भाषा तर मला येतेच.

काकांचा संवाद मात्र एकाच प्रश्नाचा होता. ‘क्रॉसिंग? व्हेन? व्हेअर?’ सकाळ-संध्याकाळ. ड्रायव्हर क्षितिजाकडे बघून म्हणायचा, ‘लाब्दा केशो.’ काकांनी ते वहीत टिपलं. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात त्यांनी नकाशा पसरला आणि मारा नदीचा काठ बोटानं चाचपू लागले. मी विचारलं, काय शोधताय?

‘लाब्दा केशो. घाटाचं नाव असणार. इथून किती किलोमीटर ते कळलं की पहाटे किती वाजता निघायचं ते काढता येईल.’

काकू पांघरुणातून म्हणाल्या, ‘अहो, ते गाव नाही, उत्तर आहे. लाब्दा म्हणजे कदाचित. केशो म्हणजे उद्या.’

काकांनी नकाशाची घडी घातली. आयुष्यात प्रथमच एखादं जनावर त्यांनी आखलेल्या आवर्तनाप्रमाणे सुटत नव्हतं.

आणि जनावरांचंही बरोबर होतं. त्यांना तारीख कळत नाही, पाऊस कळतो. कुठं पडला, कुठं गवत फुटलं, तिकडे पाय वळतात. इथं फार तर ‘साधारण या महिन्यांत’ एवढंच म्हणता येतं. शिवाय एकदा ओलांडली म्हणजे झालं असंही नाही. तेच कळप त्याच हंगामात परत अलीकडे येतात, पुन्हा पलीकडे जातात. हे ऐकून काकांना खरा धक्का बसला. ‘गेलेले परत येतात? मग गेले कशाला?’

या चार दिवसांत आम्ही काय पाहिलं? सिंहांचा अख्खा कुटुंबकबिला एका झुडपाखाली उताणा झोपलेला. हत्ती. बिबट्याची लोंबणारी शेपटी आणि तिच्यावरून अंदाजानं ओळखलेला बिबट्या. पाणघोडे, भर उन्हात सरकारी कार्यालयासारखे निवांत. या प्रत्येक वेळी काका ‘छान, छान’ म्हणून घड्याळ बघत. त्यातलं बरंचसं आमच्या तळमजल्याला मे महिन्यात, निम्म्या शुल्कात दिसलं होतं. मी हे बोललो नाही. एकाच गाडीत बसायचं होतं.

शेवटच्या दिवशी कळप आला. पलीकडच्या काठावर धूळ, घुमणारे आवाज, हजारो काळ्या पाठी. पुढची रांग पाण्यापाशी आली आणि थांबली. तासभर थांबली. अलीकडे तीसेक गाड्या, पाण्यात मगरी. काकू हळूच म्हणाल्या, रामकुंडावर गुरुजी असेच वाट बघतात. दोन तासांनी पुढच्या एकाला काय वाटलं कोण जाणे, तो मागे फिरला. सगळेच मागे फिरले.

कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हरनं गाडी बाभळीसारख्या एका झाडाखाली नेली, जेवणाचे डबे निघाले. काकूंनी नाशिकहून आणलेली दशमी काढली, एक तुकडा मोडून झाकणावर बाजूला ठेवला. तेव्हा मला आठवलं, आज सप्तमी. मामंजींची तिथी.

‘इथं जनावरांना खायला घालायचं नाही,’ काका पुटपुटले.

‘मी कुठं घालतेय? ठेवलाय नुसता.’

काकूंचं वाक्य पुरं व्हायच्या आत फांदीवरून एक पक्षी उतरला. निळाशार, पोट विटकरी, आपल्या साळुंकीच्या कुळातला. दशमीचा तुकडा उचलला आणि गेला.

काकूंनी काकांचं मनगट स्वतःकडे वळवून घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं.

‘वेळेवर आले,’ त्या म्हणाल्या, आणि काकांच्या पुढ्यात दुसरी दशमी वाढली.